भूगोल एका रात्रीत विकणाऱ्यांस खुलं पत्र

महाशय,

तुमच्या पुस्तिकेचं नाव मी इथे लिहीत नाही. तुमचं तुम्हाला कळेल, आणि ज्यांनी ती विकत घेतली त्यांनाही कळेल. पूर्वपरीक्षा जवळ आली की एसटी स्टँडासमोरच्या स्टेशनरीच्या दुकानात ती अगदी पुढे मांडलेली असते. चौसष्ट पानं, चकचकीत कव्हर, पृथ्वीचा गोल आणि त्यावर पिवळ्या अक्षरांत ‘दहावी भूगोल, फक्त आयएमपी, एका रात्रीत तयारी’. मागच्या पानावर तुमचा फोटो आहे आणि त्याखाली पंचवीस वर्षांच्या अध्यापनाचा अनुभव. तो अनुभव वाचून माझा राग वाढला. ज्याने कधी वर्गात पाय ठेवला नाही अशा कुणी हे छापलं असतं, तर दुकानदाराला दोन शब्द सुनावून मी घरी गेले असते. तुम्ही शिक्षक आहात. आयुष्यभर खडू हातात धरलेल्या माणसाने हे केलंय, म्हणून हे पत्र.

मी चिपळूण तालुक्यात, खाडीकाठच्या एका गावातल्या हायस्कुलात एकोणीस वर्षं भूगोल शिकवते. यंदा जानेवारीत आमच्या पूर्वपरीक्षेला ब्राझीलचा आराखडा दिला होता आणि त्यात मकरवृत्त दाखवायचं होतं. वर्गातल्या पहिल्या पाचात असणाऱ्या एका मुलीने तो प्रश्न कोरा सोडला. तिचं अक्षर मोत्यासारखं, सूची नेटकी, बाकीची तिन्ही ठिकाणं बरोबर. हा एकच रिकामा. पुढे हवामानाच्या उत्तरात तिने लिहिलं होतं की दक्षिण ब्राझीलमध्ये डिसेंबर-जानेवारीत कडाक्याची थंडी पडते. मी तिला मधल्या सुट्टीत बोलावलं. ती म्हणाली, “बाई, ब्राझीलमधून मकरवृत्त जातच नाही, कर्कवृत्त जातं.” आणि दप्तरातून तुमची पुस्तिका काढून पान ३१ उघडून दाखवलं. साओ पावलोजवळून जाणारी तुटक रेषा अगदी योग्य जागी होती. तिच्यावर नाव होतं ‘कर्कवृत्त’.

मी तिला विचारलं, कर्कवृत्त कुठल्या गोलार्धात? “उत्तर.” साओ पावलो कुठल्या गोलार्धात? “दक्षिण.” मग? ती बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिली. मान वर न करता हळूच म्हणाली, “पण बाई, छापलंय.”

महाशय, या एका शब्दासाठी मी तुम्हाला माफ करू शकत नाही. तिचे वडील मुंबईला नोकरीला आहेत, आई काजूच्या कारखान्यात बी फोडायला जाते. तिच्या घरात छापील अक्षराला मान आहे. तिला स्वतःला माहीत होतं की कर्कवृत्त उत्तरेला साडेतेवीस अंशांवर आहे. ब्राझीलचं उत्तर टोक विषुववृत्ताच्या वर जेमतेम सव्वापाच अंशांवर संपतं, हेही तिने सप्टेंबरमध्ये मला तोंडी सांगितलं होतं. कर्कवृत्त तिथून कितीतरी वर, मेक्सिकोतून जातं. तिचं ज्ञान खरं होतं आणि तुमचं पान खोटं होतं. तिने स्वतःचं ज्ञान बाजूला ठेवून तुमच्या पानावर विश्वास टाकला. तुम्ही प्रुफं तपासायला एक तास दिला असता तर हे झालं नसतं. एक नाव चुकलं की त्याच्या मागे ऋतू चुकतात, ऋतूंमागे पिकं चुकतात, पर्यटनाचा हंगाम चुकतो. भूगोलात एक रेषा नुसती रेषा नसते, हे तुम्हाला पंचवीस वर्षांत कळलं नसेल असं मला वाटत नाही.

छपाईची चूक कुणाचीही होते. माझ्याही फळ्यावर झाली आहे आणि मुलांनीच ती दाखवून दिली आहे. माझी खरी तक्रार त्या चुकीच्या मुळाशी असलेल्या तुमच्या पद्धतीविषयी आहे.

तुम्ही ‘भौगोलिक कारणे लिहा’ या प्रश्नातली बावीस कारणं निवडलीत. प्रत्येकाखाली तीन मुद्दे, प्रत्येक मुद्द्यातला एक शब्द ठळक. गुण तीन, म्हणून मुद्दे तीन. त्यातलं सातवं कारण : भारताच्या पश्चिमवाहिनी नद्यांच्या मुखाशी त्रिभुज प्रदेश आढळत नाहीत. ठळक शब्द ‘तीव्र उतार’, ‘कठीण खडक’, ‘वेग’. हे मुद्दे चुकीचे नाहीत. फेब्रुवारीत मी उजळणी घेत होते तेव्हा एका मुलाने ते मला धडाधड म्हणून दाखवले. मी त्याला शाबासकी दिली आणि लगेच विचारलं, “मग पूर्वेला गोदावरीच्या मुखाशी त्रिभुज प्रदेश का आहे?” तो थांबला. मग अगदी प्रामाणिकपणे म्हणाला, “बाई, हा आयएमपीत नाहीये.”

हे त्याचं उत्तर आहे आणि ते तुम्ही त्याला शिकवलंय. एकच गोष्ट दुसऱ्या बाजूने विचारली की ती वेगळा प्रश्न होते आणि वेगळा प्रश्न यादीत नसेल तर तो नसतोच. त्या मुलाचं घर वाशिष्ठीच्या खाडीला लागून आहे. भरतीला पाणी त्याच्या पायरीपर्यंत येतं, ओहोटीला चिखलात होडी आडवी पडते. नदीच्या तोंडाशी समुद्र दिवसातून दोनदा आत शिरतो आणि दोनदा मागे फिरतो, हे त्याने जन्मापासून पाहिलंय. तुम्ही त्याला त्या पायरीवरून उठवून तीन ठळक शब्दांवर नेऊन बसवलंत.

त्या दिवशी मी वर्गच बाहेर नेला. शाळेच्या मागे टेकाड आहे, तिथून सह्याद्रीची भिंत दिसते आणि पश्चिमेला खाडीचं वळण दिसतं. मी त्यांना सांगितलं, महाबळेश्वर मनात आणा. तिथे उगम पावलेली सावित्री पश्चिमेला उतरते आणि शंभराहून थोडेच अधिक किलोमीटर धावून बाणकोटला समुद्राला मिळते. त्याच महाबळेश्वरची कृष्णा पूर्वेला वळते, कराडला कोयनेला भेटते आणि चौदाशे किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला जाते. एकाच डोंगराचं पाणी. एकाला घाईने कडा उतरावा लागतो, दुसऱ्याला देशभर आरामात पसरत जायला वेळ मिळतो. गाळ कुणाकडे जास्त? तो टाकायला सपाट जागा कुणाला मिळते? आपल्या खाडीत भरती-ओहोटी जोरात असते, तर आलेला गाळ तिथे बसून राहील का? मग मी विचारलं, नाशिकच्या त्र्यंबकेश्वरची गोदावरी साडेचौदाशे किलोमीटर चालून राजमहेंद्रीच्या पुढे काय करत असेल? त्याच मुलाने उत्तर दिलं. “थकत असेल बाई. उतार नाही ना. मग ओझं टाकत असेल.” त्याचं हे वाक्य उत्तरपत्रिकेत चालणार नाही, ते परीक्षेच्या भाषेत कसं मांडायचं ते आम्ही लगेच बसून लिहिलं. पण कारण त्याला समजलं होतं. नर्मदा-तापीबद्दल आता कुणीही त्याला कसंही उलटसुलट विचारावं.

याला मी उजळणी म्हणते. तुम्ही जिला उजळणी म्हणता ती फक्त पाठांतराची शेवटची फेरी आहे.

आता गुणांचं बोलू, कारण तुमचं कव्हर गुणांविषयीच बोलतं. बोर्डाचा भूगोलाचा पेपर ४० गुणांचा, वेळ दोन तास. त्यात नकाशावर आठ गुण आहेत, चार आराखड्यात ठिकाणं दाखवण्याचे आणि चार दिलेला नकाशा वाचून उत्तरं देण्याचे. आलेखाला सहा. म्हणजे चाळीसपैकी चौदा गुण अशा कामाचे, जे पाठ करून येत नाही, हाताने करून येतं. तुमच्या चौसष्ट पानांत नकाशे किती आहेत ते मी मोजलं. तीन. त्यातला एक वर सांगितला तो. दुसऱ्यात छपाई इतकी काळवंडलेली आहे की छोटा नागपूरचं पठार आणि दंडकारण्य यांच्यातली सीमा कळत नाही. आलेख एकच, तोही आयता काढून दिलेला. मुलाने कंपास उघडावा, प्रमाण ठरवावं, शीर्षक लिहावं, दोन्ही अक्षांना नावं द्यावीत असं एकही रिकामं पान तुम्ही ठेवलं नाही. आलेखात मुलं गुण कुठे घालवतात हे पेपर तपासणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे : प्रमाण लिहायचं राहतं, सूची राहते, शीर्षक राहतं. आकडे समजलेले असतात, रेषा बरोबर असते, आणि तरी गुण जातात. हे तुम्हाला ठाऊक होतं. मग तुम्ही तिथे रिकामा चौकटीचा कागद का दिला नाहीत? कारण रिकामं पान विकायला लाज वाटते. भरलेलं पान घेऊन आईबापांना पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं, हे तुम्ही नेमकं हेरलंत.

माझ्या वर्गात जूनपासून दर शनिवारी कोरा नकाशा असतो. झेरॉक्सचा एक कागद, एकदा भारत, एकदा ब्राझील. पुस्तक, वही, नकाशासंग्रह सगळं बंद. दहा मिनिटं. जे आठवतं ते पेन्सिलने भरायचं, आठवत नाही तिथे प्रश्नचिन्ह करायचं, अंदाजाने काही ठोकून द्यायचं नाही. मग पुस्तक उघडायचं आणि चुका लाल पेन्सिलने स्वतः दुरुस्त करायच्या. कागद जपून ठेवायचा. मी गुण देत नाही, नुसती लाल रंगाकडे बघते. गेल्या वर्षीच्या एका मुलाचा गठ्ठा मी मागून घेतलाय. जूनच्या पहिल्या कागदावर त्याची नर्मदा मध्य प्रदेशातून निघून थेट बंगालच्या उपसागराला मिळालेली आहे आणि चिल्का सरोवर केरळात आहे. ऑगस्टमध्ये नर्मदा वळली. चिल्का आंध्रात आलं. ऑक्टोबरमध्ये ते ओडिशात पोचलं, पण किनारा सोडून आत. डिसेंबरच्या कागदावर लाल फक्त दोन जागी आहे. जानेवारीच्या कागदावर लाल नाही, पण कोपऱ्यात त्याने स्वतःहून दिशादर्शक बाण काढलाय, जो मी कधी मागितलाही नव्हता. त्या गठ्ठ्यासाठी सात महिन्यांत झेरॉक्सचे जेवढे पैसे गेले, ते तुमच्या एका पुस्तिकेच्या किमतीच्या आत आहेत.

हे काही माझं डोकं नाही. २००६ साली अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी एक साधा प्रयोग केला. विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा पुन्हापुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने तो वाचून बाजूला ठेवला आणि न बघता आठवून आठवून तीनदा लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते, त्यांना ८३ टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ७१. आठवड्यानंतर चित्र फिरलं. वाचणाऱ्यांकडे ४० टक्के उरलं, आठवून लिहिणाऱ्यांकडे ६१. तुमची सगळी पुस्तिका त्या पहिल्या पाच मिनिटांवर उभी आहे. रात्री चार वेळा वाचलं की सकाळी सगळं येतंय असं वाटतं, आणि परीक्षागृहात आराखडा समोर आला की हात थांबतो. मूल म्हणतं, “माहीत होतं, आयत्या वेळी आठवलं नाही.” घरचे म्हणतात, पोरगं घाबरलं. घाबरायला काही झालेलं नसतं. त्याने आठवायचा सराव कधी केलाच नव्हता, कारण तुम्ही त्याला फक्त वाचायला दिलं.

आणि तुम्ही त्याच्यापासून किती काही लपवून ठेवलंत! आत्ताचं दहावीचं पुस्तक २०१८ साली आलं, त्यात भारत आणि ब्राझील शेजारी शेजारी ठेवले आहेत. त्या मांडणीवर माझेही काही आक्षेप आहेत, ते पुन्हा कधीतरी. पण त्यातली तुलना ही मुलांच्या हातातली किल्ली आहे. तुम्ही ती तुलना उचकटून काढली आणि दोन देशांच्या दोन याद्या केल्या : भारताची वैशिष्ट्यं, ब्राझीलची वैशिष्ट्यं. याद्या आठवत नाहीत हो. फरक आठवतो.

आमच्या अंगणात पर्जन्यमापक आहे. पावसाळ्यात मुलं आळीपाळीने नोंद घेतात. चिपळूणला वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. ॲमेझॉनच्या खोऱ्यातलं मानाउस विषुववृत्ताला लागून, तिथे वर्षाला सव्वादोन-अडीच हजार मिलिमीटर. मी मुलांना एवढंच विचारलं की त्यांच्यापेक्षा आपल्याकडे जास्त पाऊस पडतो, मग त्यांच्याकडे घनदाट सदाहरित वर्षावनं आणि आपल्याकडे एप्रिलमध्ये विहिरीचा तळ दिसतो, हे कसं? वर्गात असा गलबला झाला की शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले. शेवटी एक मुलगी उठून म्हणाली की त्यांचा पाऊस बारा महिने थोडाथोडा येतो आणि आपला एकदम येऊन निघून जातो. मग आम्ही दोन्ही ठिकाणांचा बारा महिन्यांचा आलेख काढला. एक डोंगरासारखा, दुसरा बारा महिने पसरलेला. प्रमाण, शीर्षक, सूची, सगळं त्या आलेखातच गिरवून झालं. पर्जन्याचं वितरण, वनस्पतींचे प्रकार, मोसमी हवामान ही तीन प्रकरणं एका तासात एकमेकांना चिकटली. तुमच्या पुस्तिकेत ती तीन वेगवेगळ्या पानांवर आहेत आणि एकमेकांना ओळखत नाहीत.

अवर्षण चतुष्कोनाचंही तेच. ईशान्य ब्राझीलमधला हा कोरडा पट्टा तुमच्याकडे एका वाक्याची व्याख्या आहे. आमच्या मुलांना मी घाटावर नेते, म्हणजे बोलता बोलता नेते. महाबळेश्वरला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. मध्ये फक्त डोंगर. ढग चढताना ओझं टाकून मोकळे होतात आणि पलीकडे उतरतात ते कोरडे. ज्याला माणमधलं दहिवडी-म्हसवड कळलं त्याला ब्राझीलमधला पर्जन्यछायेचा प्रदेश वेगळा पाठ करावा लागत नाही.

आणि काजू! त्या मुलीची आई ज्या बिया फोडते, ते झाड मूळचं ब्राझीलचं. पोर्तुगीजांनी ते गोव्यात आणलं आणि तिथून ते आमच्या कातळावर आलं. त्याचं नावसुद्धा ब्राझीलच्या मूळ रहिवाशांच्या तुपी भाषेतून पोर्तुगिजांच्या तोंडून आपल्याकडे पोचलं. १५०० साली काब्रालची जहाजं ब्राझीलच्या किनाऱ्याला लागली, तो निघाला होता भारताकडेच. हे सांगितलं तेव्हा ती मुलगी घरी जाऊन आईला म्हणाली की तू ब्राझील फोडतेस. दुसऱ्या दिवशी आई शाळेत आली, खरंच का ते विचारायला. तुम्ही या घराला भूगोल विकलात, पण त्या घरात भूगोल आधीपासून होता हे तुम्हाला पाहावंसं वाटलं नाही.

आणखी एक, आणि ते मला सगळ्यात धोकादायक वाटतं. पान ४० : ‘ब्राझीलच्या किनाऱ्यावर चक्रीवादळे कधीच येत नाहीत.’ पाठ्यपुस्तकात शब्द ‘क्वचितच’ आहे. तुम्ही तो ‘कधीच’ केलात, लक्षात ठेवायला सोपा म्हणून. मार्च २००४ मध्ये ब्राझीलच्या सांता कातारिना राज्याच्या किनाऱ्यावर एक चक्रीवादळ आदळलं, तेही चांगलं जोरकस. तिथे वादळं सहसा का होत नाहीत, याचं कारण समजून घेतलं तर हा अपवादही समजतो : वरच्या आणि खालच्या थरांतल्या वाऱ्यांच्या वेगात फरक असल्याने वादळाचा खांब उभाच राहत नाही, आणि पाणीही तितकं तापलेलं नसतं. तो फरक कमी झाला की वादळ उभं राहू शकतं. ‘क्वचित’ या शब्दात हे सगळं आहे. ‘कधीच’मध्ये काहीच नाही.

आमच्या किनाऱ्यावर या शब्दाची किंमत मोजून झाली आहे. आठवा, २०२० साली दहावीचा भूगोलाचा पेपर २३ मार्चला होता. करोनामुळे तो आधी पुढे ढकलला, मग एप्रिलमध्ये रद्दच केला आणि मुलांना बाकीच्या विषयांच्या सरासरीने गुण दिले. शेवटचा पेपर, तोही भूगोल, गेला तर गेला, असंच तेव्हा अनेकांच्या तोंडी होतं. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं. मंडणगड-दापोलीत नारळ-पोफळीच्या बागा झोपल्या, घरांचे पत्रे उडाले. पुढच्या वर्षी २२ जुलैला वाशिष्ठी चिपळुणात शिरली. माझ्या आत्ताच्या दहावीतली मुलं तेव्हा लहान होती, पण त्यांना सगळं आठवतं. रात्री माळ्यावर चढून बसलेली मुलं आहेत माझ्या वर्गात. भरतीची वेळ, डोंगरातला पाऊस आणि नदीचा उतार हे तिन्ही एकत्र आले की काय होतं, हे त्यांना कुणी तीन मुद्द्यांत सांगू नये. त्यांनी ते गुडघ्यापासून गळ्यापर्यंत पाहिलंय. अशा मुलाला तुम्ही ‘कधीच’ हा शब्द पाठ करायला देता?

तुम्ही म्हणाल, बाई, तुम्हाला जून ते फेब्रुवारी मिळतात, मी शेवटच्या रात्रीपुरता आहे. ज्याचं वर्षभर काहीच झालं नाही त्याने काय करायचं? प्रश्न रास्त आहे. भूगोल बहुतेक वर्षी शेवटचा पेपर असतो, मूल थकलेलं असतं, मनाने सुट्टीत गेलेलं असतं. पण त्या रात्रीसाठीही तुमची चौसष्ट पानं लागत नाहीत. माझ्याकडे अशी मुलं दर वर्षी येतात. मी त्यांना सांगते, दोन कोरे आराखडे घे. भारतावर कर्कवृत्त ओढ, ब्राझीलवर विषुववृत्त आणि मकरवृत्त. ॲमेझॉन विषुववृत्ताला जवळजवळ समांतर वाहते, ती काढ. डोंगर काढ, मग नद्या आपोआप कुठून निघणार ते दिसेल. पाऊस कुठल्या बाजूने येतो ते बाणाने दाखव, मग जंगल कुठे आणि कोरडं कुठे ते दिसेल. माणसं कुठे दाट राहत असतील त्याचा आधी अंदाज कर आणि मग पुस्तकातला लोकसंख्येचा नकाशा उघडून पडताळ. भारतात चौरस किलोमीटरला २०११च्या जनगणनेनुसार ३८२ माणसं आणि ब्राझीलमध्ये पंचविसाच्याही आत, हे एवढे दोन आकडे त्या नकाशावर लिही. एक आलेख काढ, प्रमाणासकट. आणि झोप. पाठ्यपुस्तक बालभारतीच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतं, त्यातले नकाशे रंगीत आहेत आणि मकरवृत्ताला मकरवृत्तच म्हटलंय.

माझं तुमच्याकडे मागणं फार नाही. पान ३१ आणि पान ४० यांची दुरुस्ती छापून प्रत्येक दुकानात पोचवा, पेपरच्या आधी. पुढच्या आवृत्तीत निम्मी पानं कोरी ठेवा : आराखडे आणि आलेखाचे चौकटीचे कागद. लोक विचारतील की कोऱ्या पानांचे पैसे कशाला, तेव्हा मागच्या फोटोतला माणूस म्हणून त्यांना उत्तर द्या. पंचवीस वर्षांच्या अनुभवाने ते द्यायला यायला हवं. आणि कव्हरवरची ‘एका रात्रीत’ ही अक्षरं काढून टाका.

या शनिवारी सकाळी साडेदहाला आमच्याकडे वर्षातला शेवटचा कोरा नकाशा आहे. ब्राझीलचा. तुम्ही यावं अशी माझी मनापासून इच्छा आहे. एसटी फाट्यावर थांबते, तिथून शाळा दहा मिनिटं. खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावर ती मुलगी बसते, तिच्या शेजारची जागा रिकामी आहे. आराखडा आणि पेन्सिल मी देईन. पुस्तक बंद, दहा मिनिटं. तिच्यासमोर मकरवृत्त तुमच्या हाताने काढा, आणि मग लाल पेन्सिल तिच्याकडे द्या.

आपली,
खाडीकाठच्या शाळेतली एक भूगोलाची बाई